निरोगी गटातली कलाबाई

जळगावला जायचं ठरलं तेव्हा कलाबाई बैसाणेंच्या डोळ्यांपुढे आधी आली ती एसटीची पायरी. नवऱ्याला त्या पायरीवर चढवायचं म्हणजे वाकून त्यांचा पाय हाताने उचलून ठेवायचा, मग मागून कमरेला हात लावून जोर द्यायचा, आणि तोवर मागच्या लोकांची चुळबुळ पाठीवर घ्यायची. त्यातून देवचंदभाऊंचा स्वभाव असा की पायरीवर पाय अडकलेला असतानाही ते इंजिनाकडे कान लावून म्हणणार, याच्या पंपात हवा आहे. सारी हयात त्यांनी धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. हात गेले, पाय गेले, कान तेवढे शाबूत राहिले.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. गल्लीतली माणसं त्याला कंपवात म्हणायची. त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. अलीकडे पाय जमिनीला चिकटायचे, विशेषतः दाराच्या उंबऱ्याशी. कधी कधी भिंतीपाशी कुणी उभं आहे असं ते म्हणायचे. कलाबाई तेव्हा भांडत नसत. "असू दे, उभा राहू दे," म्हणायच्या आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायच्या. त्या स्वतः नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. तिथून निवृत्त झाल्या त्या या दुसऱ्या नोकरीत रुजू झाल्या, असं त्यांची मुलगी मृणाली एकदा थट्टेनं म्हणाली होती. कलाबाईंना हसू आलं नव्हतं.

जळगावची गोष्ट मृणालीनेच काढली. ती तिथे बँकेत होती, आणि देवचंदभाऊंना दाखवायचे तो दवाखानाही जळगावचाच. तिथे पार्किन्सनवर काही अभ्यास सुरू झाला होता.

"बाबांची सगळी नीट तपासणी होईल," ती फोनवर म्हणाली. "आणि तुझंही रक्त घेतील."

"माझं कशाला?"

"निरोगी माणसाचंही लागतं, आई. ताडून बघायला. घरातलंच, त्याच वयाचं कुणी असलं की बरं पडतं."

कलाबाई हो म्हणाल्या. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

दवाखान्यात त्यांना एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिने आधी देवचंदभाऊंना वाकून नमस्कार केला, मग दोघांना खुर्च्या दिल्या. "मी डॉक्टर डिंपल भंगाळे. आम्ही सावद्याचे," ती म्हणाली. "घरात सगळे केळीच्या शेतीत, मी एकटीच इकडे आले." तिचं बोलणं मोकळं होतं. देवचंदभाऊंना एक मदतनीस आतल्या खोलीत घेऊन गेला, तेव्हा कलाबाई सवयीने उठल्या. डिंपलने त्यांना खाली बसवलं.

"बसा काकू. तो बघेल त्यांना. तुमचंही काम आहे माझ्याकडे."

दंडाला पट्टा बांधता बांधता तिने अभ्यास काय आहे ते सांगितलं. हा आजार पुरुषांना जास्त होतो, म्हणून आजवर बहुतेक सगळं पुरुषांवरच पाहिलं गेलं. पण बाईला झाला की तो जरा वेगळा वागतो. बायकांना दुखणं जास्त, उदासी जास्त, थकवा जास्त. पुरुषांत स्मरण आणि विचार यांच्यावर थोडा लवकर परिणाम दिसतो. रक्तही दोघांचं सारखं नसतं.

"आता युरिक ॲसिड घ्या," ती म्हणाली. "पुरुषांच्या रक्तात ते मुळातच जास्त. ज्यांच्यात जास्त, त्या पुरुषांत हा आजार कमी दिसतो, असं काही ठिकाणी आढळलंय. बायकांत तसं स्पष्ट दिसत नाही. का, ते माहीत नाही. आणि मेंदूतल्या नसा झिजल्या की त्यांच्यातलं एक प्रथिन झिरपून रक्तात येतं. तेही मोजायचं. रक्त बघून मेंदूचं काय चाललंय ते कळतं का, आणि पुरुषाचं नि बाईचं सारखंच कळतं का, एवढा प्रश्न आहे."

"कळलं की मग काय करणार?"

"तेही अजून माहीत नाही, काकू. आधी कळू तर द्या."

हे उत्तर कलाबाईंना आवडलं. इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या तोंडून माहीत नाही असं त्यांनी क्वचित ऐकलं होतं.

"बायका पेशंट मिळतात का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तीच अडचण आहे. पुरुषाला त्याची बायको घेऊन येते. बाई आपली आपण येत नाही, आणि तिला आणायला कुणाला सवड नसते. येते तेव्हा फार उशीर झालेला असतो."

रक्त घेऊन झालं. बाटलीवर चिठ्ठी लागली. मग डिंपल म्हणाली, निरोगी गटातल्या माणसांचीही थोडी तपासणी करावी लागते, पाच मिनिटांचं काम. तिने कलाबाईंना महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावली. घड्याळ काढायला लावलं. त्यात त्या कुठेच चुकल्या नाहीत. मग अंगठा आणि तर्जनी मोठी उघडून भराभर आपटायला सांगितलं. डाव्या हाताने झालं. उजव्या हाताची बोटं सुरुवातीला मोठी उघडली, मग लहान, मग आणखी लहान, आणि मध्येच अडली.

"पुन्हा करा, काकू."

पुन्हा तसंच झालं. "खांदा आखडलाय माझा," कलाबाई म्हणाल्या. "त्याच्यामुळे."

"कधीपासून?"

कधीपासून ते त्यांना नीट सांगता येईना. दोनेक वर्षं असतील. हाडांच्या डॉक्टरांनी शेक सांगितला, व्यायाम सांगितला. दुसऱ्याने थायरॉइड तपासला. तिसऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि घरात आजारी माणूस आहे, मनावर ताण आहे म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. वेणी घालायला हात मागे जात नाही म्हणून कलाबाईंनी केस कापून खांद्यापर्यंत आणले होते. गल्लीत बायका म्हणाल्या, मास्तरीणबाई मॉडर्न झाल्या.

डिंपलने त्यांचं मनगट हातात धरून गोल फिरवलं. ते सलग फिरेना, अडत अडत फिरत होतं. तिने त्यांना व्हरांड्यातून चालून यायला सांगितलं. मग एक वाक्य लिहायला दिलं. कलाबाईंचं अक्षर म्हणजे एके काळी शाळेतल्या सुविचाराच्या फळ्याचा मान. ओळीच्या सुरुवातीला ते तसंच वळणदार होतं, आणि ओळ संपेपर्यंत मुंग्यांएवढं झालं. डिंपलने काही वासाच्या चिठ्ठ्या नाकाशी धरल्या. कलाबाईंना एकही वास आला नाही. "कोरोनात गेला असेल," त्या म्हणाल्या. फोडणी करपली तरी कळत नाही, म्हणून मृणाली आली की तिची बोलणी खावी लागतात, हे त्यांनी सांगितलं नाही.

डिंपल उठली. "मोठ्या डॉक्टरांना बोलावते," म्हणाली आणि गेली.

खोलीत कलाबाई एकट्या राहिल्या. पंखा फिरत होता. आतल्या खोलीत देवचंदभाऊ कुणाच्या तरी हवाली होते. या घटकेला आपल्याला काहीही करायचं नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी डोकं मागे टेकलं आणि त्यांचा डोळा लागला. मोठे डॉक्टर आले तेव्हा त्यांना खांद्याला हात लावून उठवावं लागलं.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं पुन्हा तपासलं. मग समोर स्टूल ओढून बसले. आजच अगदी ठामपणे म्हणत नाही, ते म्हणाले. औषधाचा गुण आला की खात्री होईल. पण मला हा पार्किन्सनच वाटतो.

"यांचा हात थरथरतो," कलाबाई म्हणाल्या. "माझा तर कुठे थरथरतो?"

"सगळ्यांचा थरथरत नाही."

"यांच्यापासून लागला का?"

"नाही. हा लागट आजार नाही. एका घरात नवरा-बायको दोघांना होणं, हा योगायोग म्हणायचा."

कलाबाईंनी मान डोलावली. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, ते आलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. दोन वर्षं त्या स्वतःला आळशी समजत होत्या. पोळ्या लाटायला वेळ लागतो, पलंगावरून उठताना दोनदा प्रयत्न करावा लागतो, वंदनेला विहारात जायचं म्हटलं की पांढरी साडी नेसण्याचाच कंटाळा येतो. हे सगळं मन खचल्याचं लक्षण आहे, आपणच कच्चे आहोत, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. आता कुणी तरी म्हणत होतं की हे दुखणं आहे, आणि त्याला नाव आहे.

"मृणालीला सांगू नका," त्या डिंपलला म्हणाल्या. "मी सांगते."

डिंपलने औषधाची चिठ्ठी दिली. लहान गोळी, तीही सुरुवातीला अर्धी, खाऊन झाल्यावर. कुणाला तरी सोबत घेऊन पुन्हा या, म्हणाली. कलाबाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली.

मृणालीच्या घरी जेवणं झाली. तिच्या मुलीची परीक्षा होती, नवरा युवराज दौऱ्यावर होता, तिची स्वतःची धांदल चालली होती. "काय म्हणाले डॉक्टर?" तिने वाढता वाढता विचारलं.

"बाबांचं आहे तसंच आहे म्हणाले."

"आणि तुझं?"

"रक्त घेतलं."

मृणाली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "आई, तू असा चेहरा पाडून बसत जाऊ नकोस गं. बाबांना काय वाटत असेल? आधी कशी हसायचीस."

चेहरा आपण पाडत नाही, या आजारात तो आपोआप तसा राहतो, हे कलाबाईंना आज सकाळीच डॉक्टरांकडून कळलं होतं. सांगायची वेळ हीच होती. पण मृणालीच्या हातात भाजीचं पातेलं होतं, आतून मुलगी काहीतरी विचारत होती. कलाबाईंनी पुढचा घास घेतला.

धुळ्याला परतल्यावर चिठ्ठी पर्समध्येच राहिली. औषधाचं दुकान कोपऱ्यावरच होतं, पण दुकानदार प्रेमराज देवचंदभाऊंच्या सगळ्या गोळ्या ओळखत होता. ही कुणासाठी, असं त्याने विचारलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीच काय, सगळं देवपूर चौकशीला आलं असतं. मग मृणालीला कळणार, पुण्याला प्रशीलला कळणार. प्रशील, त्यांचा मुलगा, आधीच म्हणत होता की बाबांना कुठेतरी ठेवू, अशा जागा असतात. आता तो दोघांनाही ठेवू म्हणेल. कलाबाईंना त्याचा राग येत नव्हता. पण ते बोलणं एकदा सुरू झालं की त्यात उत्तरं द्यावी लागतील, आणि ती द्यायची ताकद त्यांच्यात नव्हती.

एका सकाळी देवचंदभाऊंना गोळी देताना त्यांनी ते पाकीट उलटून वाचलं. औषधाचं नाव तेच होतं. आजार एक, औषध एक. त्यांनी एक गोळी स्वतःसाठी काढली आणि चहाबरोबर घेतली. ती मोठी होती, अख्खी होती, आणि पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांना मळमळायला लागलं. त्या मोरीशी जाऊन बसल्या, उलटी झाली. तोंड धुऊन उभ्या राहिल्या तशी डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मोरीच्या कठड्याला धरता धरता त्या खाली आल्या. डोकं नाही आपटलं, कोपर मात्र चांगलं सोलवटलं. पितळी तांब्या फरशीवर घरंगळत गेला.

पुढच्या खोलीत देवचंदभाऊ पलंगावर होते. दोन खोल्यांमधला उंबरा ओलांडायला त्यांना रोज कलाबाईंचा हात लागायचा. तिथे आले की पाय रुतल्यासारखे उभे राहायचे. त्या दिवशी ते उठून आले. कसे आले ते त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. कलाबाईंनी डोळे उघडले तेव्हा भिंतीला हात टेकून ते मोरीपाशी उभे होते, आणि सगळं अंग थरथरत होतं.

"कला, काय व्हयनं? पडनी का?"

"चक्कर उनी. काही नही."

"उठ ना."

"माले उठता येत नही. तुम्हीच आठे बसा, नही तर तुम्ही बी पडशात."

ते कसेबसे खाली बसले. आता दोघांपैकी कुणालाच उठता येणार नव्हतं. ओल्या फरशीवर पाठीला पाठ लागून दोघं बसून राहिली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. कलाबाईंना वाटलं, सांगायचं तर आता सांगावं. आणखी वाईट काय होणार आहे.

"माले बी तुमनाच रोग शे," त्या म्हणाल्या. "जळगावले डॉक्टरनी सांगं."

देवचंदभाऊंना ऐकू गेलं की नाही, ऐकलं ते कळलं की नाही, कलाबाईंना समजेना. मग त्यांना पाठीला हादरे जाणवले. नेहमीची थरथर नव्हती ती. देवचंदभाऊ रडत होते.

"मनापाईन लागना का तुले?"

"नही हो."

"सारा दिन मनं उष्टं-खरकटं तू काढस. मनापाईनच लागना."

"लागट नही शे हाऊ रोग. मी इचारं डॉक्टरले. नही लागत."

त्यांना ते पटेना. कलाबाईंनी दुखऱ्या हाताने मागे चाचपून त्यांचा हात धरला आणि पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. लागत नही. नही लागत. पोटात अजून ढवळत होतं, कोपरातून रक्त येत होतं, आणि आपल्या आजाराची बातमी सांगून आपणच दुसऱ्याची समजूत काढत बसलो आहोत, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. पण राग आला नाही. एवढं रडणारं माणूस त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. देवचंदभाऊंचा चेहराही तर गेली कित्येक वर्षं दगडासारखाच होता.

शेजारच्या सुगंधाबाई विरजण मागायला आल्या तेव्हा ही दोघं त्यांना तशी सापडली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आधी देवचंदभाऊंना उठवलं, मग कलाबाईंना. कोपराला हळद लावली आणि कलाबाईंच्या फोनवरून मृणालीला फोन लावून दिला.

दुपारपर्यंत मृणाली आली. तिने पर्समधली चिठ्ठी वाचली, डिंपलशी फोनवर बोलली, आणि मग आईसमोर खुर्ची घेऊन बसली. तिला ओरडायचं होतं हे दिसत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या हातात पातेलं होतं," कलाबाई म्हणाल्या.

मृणालीला हे उत्तर कळलं की नाही कोण जाणे. ती उठली, आत गेली, आणि बराच वेळ ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली.

देवचंदभाऊंच्या थोरल्या बहिणीला, ताईबाईंना, भडगावहून बोलावून घेतलं. त्या विधवा होत्या, मुलं आपापल्या संसारात. गिरणा नदीकाठचं आपलं घर सोडून कुठे राहायला त्या तयार नसत. पण भावाचं आणि भावजयीचं ऐकून आल्या. सोबत पिशवीभर बोरं आणि दोन लुगडी. म्हणजे लवकर परत जायचा विचार नव्हता. मृणालीने गाडी ठरवली आणि सगळ्यांना घेऊन जळगावला आली.

डिंपलने कलाबाईंचं कोपर पाहिलं, उभं करून आणि बसवून रक्तदाब घेतला, आणि मग शांतपणे समजावलं. काकांची मात्रा तुमची नाही. वजन वेगळं, शरीर वेगळं. तीच गोळी घेतली तरी बाईच्या रक्तात औषध पुष्कळदा जास्त चढतं. या वेळी उलटी नि चक्कर आली. जास्त मात्रेवर राहिलात तर पुढेमागे हातपाय आपोआप वळवळायला लागतात, तेही बायकांत अधिक बघायला मिळतं. म्हणून हळूहळू जायचं.

"म्हणजे आजार एक आणि रक्त दोन," कलाबाई म्हणाल्या.

"हो. असंच काहीतरी."

त्यांच्या रक्ताचा तपास अजून पूर्ण झाला नव्हता. त्या प्रथिनाच्या चाचणीला नमुने बाहेर पाठवायचे होते, त्याला वेळ होता. बाकीच्यांत बी-बारा कमी निघालं, लोहही बरंच कमी होतं. सगळ्यांना जेवू घालून मग बसणाऱ्या बायकांचं असंच निघतं, डिंपल म्हणाली, त्याचा या आजाराशी संबंध जोडायची घाई नको. तिने कलाबाईंचं नाव निरोगी गटातून काढून बायका-पेशंटच्या गटात घातलं. कलाबाई तिच्या संगणकाकडे बघत होत्या. शिक्षिकेच्या सवयीनं त्यांना वाटलं, एका वर्गातून मूल कमी झालं की दुसरं भरावं लागतं.

"मग निरोगी कोण आता?"

"शोधावं लागेल कुणीतरी."

ताईबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांना निम्मंच ऐकू आलं असावं. "मनं ल्या ना रक्त," त्या म्हणाल्या. "माले काही व्हयेल नही. मी सारं गाव फिरस."

डिंपलने त्यांना बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, वास घ्यायला दिले. ताईबाईंनी लवंग ओळखली, संत्र्याचं साल ओळखलं, आणि साबणाचा वास येताच तो कोणत्या रंगाच्या वडीचा असेल तेही सांगितलं. मृणाली हसली. कलाबाईंनाही हसायचं होतं. चेहरा किती हलला ते त्यांना कळलं नाही, पण मृणालीने त्यांच्याकडे बघून हात दाबला.

निघताना कलाबाईंनी डिंपलला एकटीला गाठलं. "यांचं डोकं आता कधी कधी भलतीकडे जातं," त्या म्हणाल्या. "माझंही जाईल का?"

"सांगता येत नाही, काकू. बायकांत ते सरासरीने थोडं उशिरा होतं असं दिसतं. पण सरासरी म्हणजे तुम्ही नाही. वचन देता येणार नाही मला."

परतीच्या वाटेवर कलाबाईंनी त्याचा विचार केला. डोकं शाबूत राहिलं तर सगळं डोळ्यांनी बघावं लागेल. त्यांचं जाणं, आपलं जाणं. न राहिलं तर निदान ते तरी सुटेल. कोणतं बरं, हे त्यांना ठरवता येईना. पारोळ्याच्या पुढे त्यांना झोप लागली.

अर्ध्या गोळीने सुरुवात झाली, मग हळूहळू ती वाढली. गुण यायला काही आठवडे गेले. एके दिवशी वरच्या फळीवरचा डबा त्यांनी उजव्या हाताने काढला आणि काढून झाल्यावर लक्षात आलं. अक्षर थोडं मोठं झालं. वास मात्र आला नाही. तो येणार नाही असं डिंपलने आधीच सांगितलं होतं. थकवाही गेला नाही. तो आता इतका जुना झाला होता की त्याला आजाराचा म्हणावा की आयुष्याचा, हे कोणत्या डॉक्टरला सांगता आलं असतं?

प्रशील पुण्याहून येऊन गेला. त्याने ठेवण्याची गोष्ट काढलीच. ताईबाईंनी त्याला जेवू घातलं, बोलू दिलं, आणि मग म्हणाल्या की मी आहे तोवर तो विषय नको, मी नसले की मग बघा. त्याला बरंच वाटलं असावं. देवचंदभाऊंच्या आंघोळीला आणि चालवायला गल्लीतलाच पितांबर यायला लागला. तो दवाखान्यात वॉर्डबॉय होता, त्याच्या हाताला जोर होता. सुरुवातीला देवचंदभाऊ त्याला अंगाला हात लावू देईनात. कलाबाई कुठे आहे, एवढंच विचारायचे. कलाबाई शेजारच्या खोलीत असत आणि उठून जात नसत. ते त्यांना फार जड गेलं. पहिले काही दिवस त्या दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. मग बसून ऐकायला लागल्या.

देवचंदभाऊंना मोरीपाशी बसून झालेलं बोलणं कधी आठवायचं, कधी नाही. आठवलं की ते पुन्हा विचारायचे, मनापाईन लागना का. कलाबाई पुन्हा सांगायच्या, नही. विचारण्याचा त्यांना कंटाळा येत नव्हता आणि सांगण्याचा यांना येऊन उपयोग नव्हता.

उन्हाळा लागला. दुपारी देवपुरातले रस्ते ओस पडायचे. अशाच एका दुपारी डिंपलचा फोन आला. पुढच्या वर्षी तिघांचंही रक्त पुन्हा घ्यायचं आहे, ती म्हणाली, बदल काय होतो ते बघायला. याल ना?

"असलो तर येऊ," कलाबाई म्हणाल्या.

"असं नका बोलू, काकू."

"वाईट नाही म्हणत, बाई. येऊ. पायरी उंच असते एसटीची, गाडी करून येऊ."

फोन ठेवून त्या पलंगावर आडव्या झाल्या. आत ताईबाई देवचंदभाऊंना ताक-भाकरी भरवत होत्या आणि भावाशी भडगावच्या कुठल्याशा लग्नाचं बोलत होत्या. एक घास खाली सांडला, देवचंदभाऊंना ठसका लागला, ताईबाईंनी पाठीवर थापटलं. कलाबाईंचे पाय उठण्यासाठी जमिनीला लागले. मग त्यांनी ते तसेच वर घेतले, कूस बदलली, आणि ठसका थांबायच्या आधीच त्यांना झोप लागली.